रायफल दुर्बिणीचे माउंट

रायफल दुर्बिणीचे माउंट म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण (स्कोप) रायफलीवर घट्ट आणि नळीशी एका रेषेत धरून ठेवणारी यांत्रिक जोडणी होय. तिचे दोन भाग असतात. बोल्ट आणि काडतूस ज्या पोलादी सांगाड्यात बसतात त्या रिसीव्हरवर पक्की केलेली बैठक हा पहिला भाग, आणि बैठकीवर बसून दुर्बिणीच्या नळकांड्याला वेढणाऱ्या रिंगा हा दुसरा. काही रायफलींमध्ये बैठक रिसीव्हरमध्येच कोरलेली असते, तर काही माउंटांत बैठक आणि रिंगा मिळून एकच अखंड भाग असतो.

माउंटची निवड रायफलीचा रिसीव्हर, दुर्बिणीचा व्यास, गोळीचा धक्का, नेम धरण्याचे अंतर आणि हवामान यांवर अवलंबून असते. जगात हा विषय मुख्यतः शिकारी रायफलींच्या संदर्भात चर्चिला जातो. भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी असल्यामुळे येथे त्याचा संबंध जुन्या परवानाधारक रायफली, हवेच्या रायफली, क्रीडा नेमबाजी आणि वन विभागाच्या भूल देणाऱ्या बंदुका यांच्याशी येतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांचे उदाहरण लेखाच्या उत्तरार्धात घेतले आहे.

अचूकतेशी संबंध

दुर्बिणीतील तारा (क्रॉसहेअर) आणि नळीचा अक्ष यांच्यातील कोन कायम राहिला तरच गोळी अपेक्षित जागी लागते. हा कोन सांभाळण्याचे काम माउंटचे असते. दोन रिंगांमधील अंतर १०० मिलिमीटर असेल आणि त्यांपैकी एक रिंग ०.१ मिलिमीटरने, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीइतकी, वर-खाली झाली, तर दृष्टिरेषा एक हजारांश रेडियनने वळते. १०० मीटर अंतरावर हा फरक १० सेंटिमीटर होतो. महागड्या भिंगांची दुर्बीण सैल बैठकीवर बसवली तर तिचा उपयोग राहत नाही; मध्यम प्रतीची दुर्बीण पक्क्या बैठकीवर वर्षानुवर्षे नेम टिकवते. खर्चाची विभागणी करताना माउंटला शेवटचे स्थान देण्याची प्रथा सर्वत्र दिसते, परंतु तिला तांत्रिक आधार नाही.

माउंटवर येणारा भार सहसा कमी लेखला जातो. ४ किलोग्रॅम वजनाच्या .३०-०६ रायफलीतून सुमारे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने सुटते, असे उदाहरण घेऊ. गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या साधारण सव्वा मिलिसेकंदात रायफल सेकंदाला अडीच मीटर वेगाने मागे सरकते. हे प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे २०० पट भरते. अर्धा किलो वजनाच्या दुर्बिणीला रायफलीबरोबर मागे ओढण्यासाठी रिंगांना त्या क्षणी जवळजवळ १०० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो, आणि तोही केवळ घर्षणाच्या बळावर. स्क्रू ढिले असतील तर दुर्बीण प्रत्येक गोळीबरोबर रिंगांमध्ये किंचित पुढे घसरते आणि नळकांड्यावर चरे उमटतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकातील दुर्बिणी लांब व बारीक नळ्यांच्या असत आणि त्या रायफलीच्या नळीवरच बसवल्या जात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने ली-एनफिल्ड रायफलींवर दुर्बिणी बसवल्या, तेव्हा वरून काडतुसांची पट्टी भरता यावी म्हणून अनेक माउंट रिसीव्हरच्या डाव्या बाजूला सरकवलेले होते. यामुळे नेम धरणाऱ्याचा गाल दस्त्यावर नीट टेकत नसे. दुसऱ्या महायुद्धातील क्रमांक ४ (टी) रायफलीत रिसीव्हरच्या डाव्या भिंतीवर दोन पोलादी पट्ट्या पक्क्या करून त्यांवर हाताने फिरवण्याच्या दोन मोठ्या स्क्रूंनी ब्रॅकेट बसवले जाई. प्रत्येक दुर्बीण विशिष्ट रायफलीशी जुळवून तिचा क्रमांक रायफलीवर नोंदवला जाई. जुळवलेली जोडी मोडू नये, हा त्यामागचा उद्देश होता.

अमेरिकेत विल्यम वीव्हर यांनी १९३० मध्ये सर्वसामान्यांना परवडणाऱ्या दुर्बिणी बनवण्यास सुरुवात केली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी आडव्या खाचांची बैठक पुढे जगभर पसरली. तिच्यातील खाचांचे आपसांतील अंतर प्रमाणित नव्हते. ही उणीव अमेरिकी सैन्याच्या १९९५ मधील मिल-एसटीडी-१९१३ या मानकाने, म्हणजेच पिकाटिनी पट्टीने, दूर केली.

बैठकींचे प्रकार

वीव्हर आणि पिकाटिनी या बैठकी दिसायला सारख्या असल्या तरी एकमेकींना पूर्णपणे पर्यायी नाहीत. वीव्हर खाच सुमारे ४.६ मिलिमीटर रुंद असते, तर पिकाटिनी खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असून दोन खाचांच्या मध्यांतील अंतर १०.०१ मिलिमीटर असते. वीव्हर रिंगेचा आडवा दांडा पिकाटिनी खाचेत बसतो; पिकाटिनी रिंगेचा जाड दांडा वीव्हर खाचेत बहुधा बसत नाही. वीव्हर रिंग पिकाटिनी पट्टीवर बसवल्यास दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच आवळावा लागतो. अन्यथा पहिल्या काही गोळ्यांतच ती मोकळी जागा भरून निघते आणि नेम हलतो.

दुसऱ्या एका अमेरिकी पद्धतीत पुढची रिंग ९० अंशांत फिरवून बैठकीत अडकवतात आणि मागची रिंग दोन बाजूंच्या स्क्रूंमध्ये धरतात. हे स्क्रू फिरवून दुर्बीण डावी-उजवीकडे जुळवता येते. रिसीव्हरवरील भोके किंचित वाकडी असलेल्या जुन्या रायफलींना ही पद्धत सोयीची आहे. मात्र पुढची रिंग दुर्बिणीचाच तरफेसारखा उपयोग करून फिरवली तर नळकांडे वाकते. त्यासाठी लाकडी वा धातूचा दांडा वापरावा लागतो.

युरोपीय रायफलींमध्ये बैठक रिसीव्हरमध्येच कोरण्याची पद्धत जुनी आहे. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो कारखान्याच्या झेडकेके मालिकेच्या रायफलींवर १९ मिलिमीटर रुंदीची डव्हटेल बैठक असते, तर .२२ बोअरच्या आणि हवेच्या रायफलींवर साधारणतः ११ मिलिमीटरची असते. अशा रायफलीला स्वतंत्र बैठक लागत नाही, पण रिंगा त्या मापाच्याच घ्याव्या लागतात. जर्मन धाटणीच्या आकडेवजा माउंटांतून दुर्बीण क्षणात काढता-घालता येते. ते कुशल कारागिराने हाताने जुळवावे लागत असल्याने महाग पडतात.

एकसंध बैठक रिसीव्हरच्या पुढच्या व मागच्या भागांना जोडणारा पूलच असते. ती दोन रिंगा आपोआप एका पातळीत ठेवते, मात्र काडतूस भरण्याची वाट थोडी अडवते. दोन तुकड्यांची बैठक हलकी व मोकळी असते, पण दोन्ही तुकड्यांची उंची तंतोतंत जुळणे पूर्णपणे रिसीव्हरच्या घडणीवर अवलंबून राहते. पुढे उतरती केलेली २० मिनिटे कोनाची बैठक लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी असते. ती १०० मीटरवर सुमारे ५८ सेंटिमीटरचा फरक देते. ३०० मीटरच्या आत नेम धरणाऱ्यास तिची गरज नसते.

रिंगांचा व्यास आणि उंची

रिंगेचा आतील व्यास दुर्बिणीच्या नळकांड्याच्या बाहेरील व्यासाइतकाच असावा लागतो. २५.४ मिलिमीटर (एक इंच), ३० मिलिमीटर आणि ३४ मिलिमीटर ही आजची प्रचलित मापे आहेत; जुन्या युरोपीय दुर्बिणींमध्ये २६ मिलिमीटरही आढळते. २६ मिलिमीटरच्या दुर्बिणीला एक इंची रिंगा आवळून बसवण्याचा प्रयत्न केल्यास नळकांडे चेपते आणि आतील भिंगांचा संच अडकतो.

उंची निवडताना अधिक चुका होतात. दुर्बीण शक्य तितकी खाली असावी, मात्र तिच्या पुढच्या भिंगाचा भाग नळीला टेकू नये आणि बोल्टचा दांडा मागच्या भागाला अडू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. ४० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीचा पुढील बाहेरील व्यास ४८ मिलिमीटर असेल, तर त्याची त्रिज्या २४ मिलिमीटर होते. नळीपासून ३ मिलिमीटर मोकळी जागा धरली की दुर्बिणीचा मध्य नळीच्या पृष्ठभागापासून २७ मिलिमीटर वर हवा. बैठकीचा माथा नळीपेक्षा १० मिलिमीटर उंच असल्यास बैठकीपासून मध्यापर्यंत १७ मिलिमीटर उंची पुरते. काही उत्पादक रिंगेची उंची मध्यापर्यंत मोजतात, तर काही नळकांड्याच्या तळापर्यंत. दुसऱ्या पद्धतीत, एक इंची नळकांड्यासाठी, याच उदाहरणातील आकडा १७ वजा १२.७ म्हणजे ४.३ मिलिमीटर होतो. ‘कमी’, ‘मध्यम’ आणि ‘उंच’ या नावांना सर्वमान्य मापे नाहीत, त्यामुळे केवळ नावावरून केलेली खरेदी बहुधा परत करावी लागते.

रिंगा फार उंच असल्या की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, मान ताठ होते आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. रिंगांखालून उघड्या माशीचाही नेम दिसावा म्हणून बनवलेल्या पोकळ रिंगा याच कारणाने गैरसोयीच्या ठरतात.

बसवणी

प्रथम बैठकीची व रिसीव्हरची भोके तेलमुक्त करतात. बैठकीचे स्क्रू आट्यांत किमान चार-पाच फेरे तरी गेले पाहिजेत. मात्र पुढच्या भोकातील स्क्रू लांब असल्यास तो आत नळीच्या आट्यांना किंवा बोल्टला टेकतो. बैठकीच्या स्क्रूंना मध्यम प्रतीचा आटे-चिकट द्रव लावण्याची पद्धत आहे, परंतु रिंगांच्या वरच्या झाकणाच्या स्क्रूंना तो लावू नये, असे बहुतेक उत्पादक सुचवतात. ओल्या स्क्रूवर घर्षण कमी होते आणि त्याच ताकदीने पाना फिरवला तरी झाकण जास्त आवळले जाते.

स्क्रू आवळण्याचे बल उत्पादकाने दिलेले असते. सर्वसाधारणपणे रिंगांच्या झाकणाला १.७ ते २ न्यूटन-मीटर आणि बैठकीच्या बारीक स्क्रूंना २.३ ते २.८ न्यूटन-मीटर बल पुरते. हाताच्या अंदाजाने आवळणारे बहुतेक जण याहून बरेच अधिक बल लावतात. झाकणाचे स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळतात, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहतात.

दुर्बिणीचा मागचा कडा डोळ्यापासून ७५ ते १०० मिलिमीटर अंतरावर राहील अशी तिची पुढे-मागे जागा ठरवतात. हे अंतर प्रत्यक्ष वापराच्या कपड्यांत, डोळे मिटून रायफल खांद्याला लावून आणि मग डोळे उघडून तपासतात. जोराच्या धक्क्याच्या रायफलीत हे अंतर कमी पडले तर दुर्बिणीचा कडा भुवईला लागून जखम होते.

तारा उभ्या-आडव्या बसणेही आवश्यक असते. १०० मीटरला जुळवलेली रायफल ३०० मीटरसाठी वर करताना लक्ष्यावर ४० सेंटिमीटरइतका फेर द्यावा लागत असेल आणि तारा ५ अंश कललेल्या असतील, तर गोळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर बाजूला जाते. जवळच्या अंतरावर हा दोष लक्षातच येत नाही. उभी तार जुळवण्यासाठी दूरवर टांगलेल्या ओळंब्याचा दोरा हे सर्वांत सोपे साधन आहे.

दोन रिंगा एका रेषेत नसल्यास पोलादी दांड्यावर बारीक अपघर्षक लावून त्यांचा आतील भाग घासला जातो. याला घासणी किंवा लॅपिंग म्हणतात. चांगल्या प्रतीच्या, जोडीने कापलेल्या रिंगांना तिची गरज नसते आणि घासल्यास त्यांचे माप बिघडते.

हवेच्या रायफली

स्प्रिंगवर चालणाऱ्या हवेच्या रायफलीचा धक्का कमी असतो, हा समज चुकीच्या निवडीला कारणीभूत ठरतो. तिच्यात पिस्टन पुढे जाताना रायफल मागे येते आणि पिस्टन थांबताच पुढे झेपावते. हा दुहेरी धक्का साध्या दुर्बिणीची भिंगे ढिली करतो आणि रिंगा ११ मिलिमीटरच्या गुळगुळीत खाचेवरून मागे सरकवतो. यासाठी रिसीव्हरवरील छिद्रात अडकणारी खिटी असलेले माउंट, शक्यतो एकसंध, वापरतात आणि दुर्बीणही दुहेरी धक्का सोसणारी घेतात.

दमट हवामान

कोकणात माउंटचा मोठा शत्रू गंज आहे. कर्जत परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबरपर्यंत हवेतील दमटपणा क्वचितच कमी होतो. ॲल्युमिनियमच्या बैठकीत बसलेले पोलादी स्क्रू ओलाव्यात विद्युत-रासायनिक क्रियेने जाम होतात. ते काढताना डोके तुटले की स्क्रू कोरून काढावा लागतो. पावसाळ्यापूर्वी स्क्रू काढून हलके तेल लावणे, बैठकीखाली तेलाचा पुसट थर देणे आणि रायफल चामड्याच्या म्यानात न ठेवणे हे उपाय केले जातात. चामडे ओल धरते, त्यामुळे म्यानात ठेवलेली रायफल उघड्या कपाटातील रायफलीपेक्षा लवकर गंजते.

भारतीय रायफली आणि कायदा

भारतात परवानाधारकाला सहज मिळणारी रायफल म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल. .३०३ हे सैनिकी बोअर नागरिकांना निषिद्ध असल्याने ८×५० मिलिमीटरचे जुने मानलिखर काडतूस तिच्यासाठी स्वीकारले गेले. तिची यंत्रणा ली-एनफिल्ड धाटणीची असून रिसीव्हर मुळात दुर्बीण गृहीत धरून घडवलेला नाही. त्यामुळे अशा रायफलीवर माउंट बसवण्यासाठी भोके पाडणे किंवा बाजूला पट्टी जोडणे आवश्यक ठरते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती व रूपांतर विनापरवाना करता येत नाही. रिसीव्हरला भोके पाडण्याचे काम परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात. ४.५ मिलिमीटर (.१७७) बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवेच्या रायफलींना परवाना लागत नाही.

शिकारीचे नियमन मात्र शस्त्र परवान्याने होत नाही. मुंबई राज्यात १९५१ च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण अधिनियमाखाली शिकारीचे परवाने मिळत. पुढे त्याची जागा ९ सप्टेंबर १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने घेतली. या कायद्यात जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही शिकारीत समावेश होतो. त्यामुळे विनापरवाना हवेच्या रायफलीने संरक्षित पक्षी टिपणे हाही गुन्हाच आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी शिक्षा अधिक कडक आहे.

कर्जत-खालापूर परिसर

उल्हास आणि पाताळगंगा नद्यांच्या खोऱ्यांतील हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. माथेरानभोवतालचा मोठा भाग फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे, तर पूर्वेकडील डोंगररांग १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर वन्यजीव अभयारण्याला लागून आहे. या अभयारण्याचा विस्तार पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीविना अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश करण्यास कलम ३१ नुसार मनाई आहे. रायफल परवान्याची असली तरी हा नियम लागू होतो.

भात हे येथील मुख्य पीक, आणि रानडुक्कर हा त्याचा उपद्रवी शत्रू. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या, दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची परवानगी कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी लेखी व सकारण आदेशाने देऊ शकतो. आदेशाविना झाडलेली गोळी शेतकऱ्यालाच आरोपी करते. कोकणात पीक संरक्षणासाठी दिलेली शस्त्रे बहुतांशी ठासणीच्या बंदुका किंवा बारा बोअरच्या बंदुका असतात आणि त्यांवर दुर्बीण बसवण्याची पद्धत नाही.

रायफल वापरली तरी येथील दाट झाडीत नेमाचे अंतर क्वचितच ६०-७० मीटरच्या पुढे जाते. अशा ठिकाणी कमी वर्धनाची, रुंद दृष्टिक्षेत्राची दुर्बीण आणि तिला पुरेशा अशा खालच्या रिंगा योग्य ठरतात. मोठ्या भिंगाची उंच दुर्बीण फांद्यांत अडकते आणि जवळच्या लक्ष्यावर दृष्टिरेषा व गोळीचा मार्ग यांतील फरक वाढवते. डुक्कर जखमी होऊन झाडीत शिरले तर ते शोधणाऱ्यांच्या जिवाला धोका असतो, म्हणून परवानगी हाती असलेल्यांनाही नेम आधी कागदी लक्ष्यावर तपासणे टाळता येत नाही.

वस्तीत शिरलेल्या बिबट्याच्या बाबतीत कायदा वेगळी अपेक्षा ठेवतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला पकडणे, भूल देणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नसेल तेव्हाच मारण्याचा आदेश देता येतो. भूल देण्याच्या बंदुकीवरही दुर्बीण किंवा ठिपक्याचा दर्शक बसवलेला असतो. तिची सुई जड व संथ असते, त्यामुळे ती १० ते ४० मीटरच्या पल्ल्यातच ठळकपणे खाली येते आणि अंतरानुसार वायूचा दाब बदलावा लागतो. येथे माउंट सैल असल्यास सुई मांसल भागाऐवजी पोटात किंवा डोक्याला लागू शकते.

क्रीडा नेमबाजी

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. धावत्या लक्ष्याच्या प्रकारांत ती चालते. रायफल प्रकारांत छिद्राचा दर्शक (डायोप्टर) वापरतात. तो ११ मिलिमीटरच्या खाचेवरच बसतो आणि त्याच्या बैठकीला वर दिलेले बहुतेक नियम लागू होतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे अशाच दर्शकाने नेम धरतात. कर्जत-खालापूरच्या खेळाडूंना जवळचे प्रशिक्षण केंद्र शेजारच्या पनवेल तालुक्यात मिळते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या सुमा शिरूर यांनी तेथे लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. अशा केंद्रांत नवोदितांना नेमाचा दोष स्वतःत शोधण्याआधी दर्शकाच्या बैठकीचे स्क्रू तपासण्याची सवय लावणे उपयुक्त ठरते.